पहिला घोट

सोमवार, ४ नोव्हेंबर

आले एकदाची! भिवपुरी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने "म्हाताऱ्यांच्या बंगल्यावर ना?" असं विचारूनच मला बसवलं. पत्ता सांगावाच लागला नाही. खोली छान आहे. खिडकीतून कापणी झालेली भातखाचरं दिसतात, त्यांच्या मागे डोंगर.

काम सोपं आहे. इथल्या स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना रोज सकाळी एक पूरक औषध पाजायचं: ब्राह्मी, हळदीचा अर्क, जीवनसत्त्वं. निम्म्यांना खरं, निम्म्यांना तशाच चवीचं साधं सरबत. कुणाला काय मिळतं ते मलाही ठाऊक नाही, बाटल्यांवर नुसते आकडे आहेत. कुणाला काय आठवू लागलं ते मी टिपायचं.

हे काम का घेतलं ते स्वतःशी तरी खरं लिहावं. आईने शेवटची दोन वर्षं मला ओळखलं नाही. माझ्या लेकीवर, श्रद्धावर, ती वेळ यायला नको.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

ठकीबाई डोंगरातल्या वाडीवरच्या. वाटी तोंडाला लावेनात. "पयली तू पी गं बाय, मंग मी. न चाखता लेकराला कोन पाजतं?" खालापूरच्या आनंदीबाईंनी लगेच री ओढली, "ही पीत नाय म्हंजे कायतरी हाय त्यात!" मग सगळ्याच बायका अडून बसल्या. इथले एकटेच आजोबा, येसाजी, तेवढे मुकाट पितात.

हा प्रयोग चालवणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला. ते हसले. एका घोटाने काही बिघडत नाही, डोस चुकवू नका, म्हणाले. म्हणून आता प्रत्येकीच्या वाटीतला पहिला घोट मी घेते आणि तेवढंच बाटलीतून पुन्हा वाटीत ओतते. शेऱ्यात तसं लिहिलंही आहे. तरी मनाला नीट पटलेलं नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

आज ठकीबाई जुनं काही बोलल्या! वालाच्या शेंगा सोलता सोलता सांगू लागल्या. लेकीने लहानपणी नाकात चिंचोका घातला. रिक्षातून दवाखान्यात नेताना सिग्नललाच ती शिंकली आणि चिंचोका उडाला तो रिक्षावाल्याच्या मानेवर. सगळ्या खो खो हसल्या. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी श्रद्धाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, ते माझंच आहे. माझ्या वाढदिवसाला दर वर्षी तूच सांगतेस."

मला आठवेना. अजूनही आठवत नाही. वाडीवर सिग्नल कुठून येणार, एवढं तरी ऐकतानाच खटकायला हवं होतं.

सोमवार, २ डिसेंबर

ठकीबाईंचा मुलगा पोशा आला होता. महिन्यापूर्वी त्या निदान त्याचं नाव घ्यायच्या. आज "ह्यो कोन गं?" म्हणाल्या. आणि मला विचारलं, श्रद्धाची परीक्षा कधी?

तिचं नाव मी इथे कुणापाशी काढलेलं नाही. निदान तसं वाटतं.

पोशा बाहेर येऊन म्हणाला, "बाई, आमच्या आयेला काय पाजताय तुमी? बोलाय लागली खरी, पन आमचं कायच बोलत नाय."

आनंदीबाईंना माझ्या लग्नातल्या शालूचा रंग माहीत आहे. मला नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

सगळे शेरे पुन्हा तपासले. बाटलीवर आकडा कुठलाही असो, माझं उष्टं पिणाऱ्या सगळ्या जुनं बोलू लागल्यात. येसाजी होते तसेच आहेत. म्हणजे औषधाने नव्हे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण दुसरं कारण सापडत नाही.

डॉक्टरांना फोन करून सांगितलं. म्हणाले, निकाल इतके सुंदर येतायत, आता मध्येच घोळ घालू नका.

उद्यापासून घोट बंद.

सोमवार, ९ डिसेंबर

आज घोट घेतला नाही. इथली नर्स रोहिणी म्हणते, घेतलात की ताई, सगळ्यांच्या वाटीतला, हसत हसत. तिला खोटं बोलायचं कारण नाही. आणि जिभेवर हळद आहे –

बॅग भरली. रिक्षाही आली. रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं. घर – कुठल्या स्टेशनला उतरतात –

त्याला परत पाठवलं.

गुरुवार, १२ डिसेंबर

मुलगी. श्रद्धा. पुण्याला शिकते. हनुवटीवर – व्रण? तीळ? ठकीबाईंना विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं. खोलीत येऊन लिहीपर्यंत –

तिला फोन केला. आत्ता ये म्हटलं. रविवारी येते म्हणाली. आवाज कसा होता तिचा –

रविवार

दुपारी एक मुलगी आली. पिवळी ओढणी. ठकीबाई उठल्या, आनंदीबाई उठल्या, सगळ्याच उठल्या. तिला कुरवाळत होत्या. किती वाळलीस गं, जेवलीस का गं. कुणीतरी तिची बट कानामागे सारली. फार आनंद झाला त्यांना. बरं वाटलं बघून.

ती मात्र माझ्याकडे बघून रडत होती. नवीन माणसाला होतं असं. मी पाणी दिलं. नाव विचारलं तर आणखीच रडायला लागली. आता इथे शेजारी बसलीय. हात सोडत नाही. लिहिता येत नाही नीट. रोहिणीला विचारायला हवं, ही कुणाची –