माळावर काही दुखत नाही

४ जानेवारी १९८२, सोमवार
सकाळच्या गाडीने बेळगावहून निपाणी, तिथून खडीच्या टेम्पोत हरळवाडीचा माळ. ड्रायव्हरने मला नवी मास्तरीण समजून पुढे बसवलं. मीही ते खोडून काढलं नाही.

जागा उंचावर आहे. खाली चारी बाजूंना तंबाखूची रानं, वारा मोकळा. इथला कारखाना तंबाखूच्या चुऱ्यापासून पिकांवर मारायचं औषध बनवायचा. तो बंद पडून आठ वर्षं झाली. पत्रे, यंत्रं लोकांनी नेली. उरलीय नऊ एकर जमीन, दोन फुटके हौद आणि मॅनेजरच्या दोन खोल्या, त्यात माझा मुक्काम. गावातल्या चाळीस बिनजमिनीच्या घरांना इथे प्लॉट द्यायचे ठरलेत. त्याआधी माती तपासून माणसं राहू शकतील की नाही हे मी लिहून द्यायचं. बावीस तारखेला अहवाल चिकोडीच्या कचेरीत पोचला नाही, तर हरकत नाही असं धरून वाटप सुरू होईल.

माझं पहिलंच स्वतंत्र काम. आप्पा जन्मभर कंग्राळीला दुसऱ्याच्या रानात राबले. आता पोरगी जमिनीला दाखला देणार, हे आमच्या अख्ख्या अनगोळात सांगून झालंय. स्टँडवर मला जयभीम करताना त्यांचा हात जरा जास्तच वर गेला होता.

राखणदार मष्णू आणि त्याची बायको मालुबाई मागच्या खोपटात राहतात. दोघंही पन्नाशीची, कमी बोलणारी. जेवणाची सोय त्यांच्याकडेच. भाकरी सुरेख होती.

७ जानेवारी, गुरुवार
तीन दिवसांत अकरा खड्डे झाले. वीतभर खाली माती निळसर काळी लागते, भिजलेल्या विडीसारखा वास येतो. नमुने पिशव्यांत बांधून टेम्पोवाल्याबरोबर बेळगावच्या प्रयोगशाळेत पाठवले.

चप्पल तुटली आणि बूट चावतात, म्हणून अनवाणीच काम करते. नवल म्हणजे थंडीत माझ्या टाचा फुटून ठणकतात, त्या इथे आल्यापासून गप्प आहेत. हवा मानवली असणार.

आज मालुबाईंनी तापलेला तवा नुसत्या हाताने उतरवला, सावकाश. तळवे जुन्या भाजल्याच्या डागांनी गुळगुळीत झालेत. मी दचकले तर त्यांनाच नवल वाटलं.

“हितं काय दुखत न्हाय बाई,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, तुमास्नी ठावं असंल.”

९ जानेवारी, शनिवार
ऊन उतरलं की गावातली माणसं वर येतात. विड्या वळून पाठ मोडलेल्या बायका, गुडघे धरून चालणारा यल्लाप्पा नावाचा म्हातारा. हौदांपाशी वहाणा काढून मातीवर बसतात. बोलत कुणीच नाही. घटकाभराने उठतात आणि येतानापेक्षा ताठ चालत जातात. मष्णू म्हणतो, कारखाना होता तेव्हापासूनची ही रीत आहे.

१२ जानेवारी, मंगळवार
ओसरीवर रक्ताची पावलं दिसली. कुणाची म्हणून माग काढत गेले, तर ती हौदापासून माझ्याच खोलीत आली होती. उजव्या तळव्यात दोन बोटं लांबीचा खिळा होता.

खिळा उपसला. काही कळलं नाही. मग सुई घेऊन दोन्ही पाय टोचून पाहिले. घोट्यापर्यंत काहीच नाही. आज मी घाबरले. घाबरले हे नोंदवून ठेवते.

दुपारी प्रयोगशाळेचा कागद आला. सगळ्या नमुन्यांत औषधाचं विष आहे. शिवाय आणखी काहीतरी आहे, ते त्यांना ओळखता आलं नाही. त्यांनी पुन्हा नमुने मागवलेत.

बूट घातले. अहवाल लिहिला: वस्तीस अयोग्य, विषारी माती उचलून न्यावी. पाकीट बंद केलं, पुढच्या टेम्पोला द्यायचं.

१४ जानेवारी, गुरुवार
यल्लाप्पा आणि चार बायका येऊन गेले. अयोग्य लिहू नका, माती उचलून नेऊ देऊ नका, असं शांतपणे सांगत होते. मी म्हटलं, इथे तुमची पोरंबाळं राहणार. ते म्हणाले, म्हणून तर.

ते गेल्यावर मालुबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. निवडता निवडता बोलल्या.

“माझी तानी ह्याच हौदात पडून गेली. सा वर्सांची होती. मी हितंच बसलेवते. बघितलं. रडाय आलं न्हाय. अजून आलं न्हाय.”

मी विचारलं, मग इथे राहता कशाला, खाली गावात जा.

त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, “खाली उतरलं की येईल की सगळं. एकदम.”

१७ जानेवारी, रविवार
आनंदची तार. धाकटा भाऊ माझा. आप्पा गेले, ताबडतोब ये.

वाचली. घडी घातली. भात टाकला होता, तो उतरवला. तार पुन्हा वाचली. अक्षरं कळली.

पिशवी भरून निघाले. उतारावर बाभळीच्या कुंपणापर्यंत गेले, तिथून माती लाल होते. लाल मातीवर दोन पावलं टाकली आणि छातीत काहीतरी उघडू लागलं. आप्पांचा वर गेलेला हात —

मागे फिरले. चार पावलांत बरं वाटलं.

१९ जानेवारी
अहवाल टेबलावरच आहे. टेम्पो दोनदा येऊन गेला. बूट कुठे काढले आठवत नाही. सुई आता मांडीपर्यंत —

मालुबाईंनी शेजारी जागा करून दिली. संध्याकाळी आम्ही सगळे बसतो.

२१ जानेवारी
आनंद आला. मातीला का आली नाहीस, आई तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसली होती, असं बरंच बोलला. मी त्याला चहा दिला. पाकीट त्याच्या हातात ठेवलं, म्हटलं, हे उद्या चिकोडीला पोचव, चाळीस घरांचा प्रश्न आहे. तेवढं मला सांगता आलं.

तो हौदाच्या काठाशी बसून आप्पांसाठी रडू लागला. मातीवरच. मी खुर्ची द्यायला हवी होती.

मग त्याने चप्पल काढली.

मी ओसरीवरून बघत होते. रडणं मध्येच थांबलं. तोंड उघडंच राहिलं होतं, ते त्याने मिटलं. पाकीट बाजूला ठेवलं.

२२ जानेवारी
कचेरीची वेळ संपली, गावातली माणसं सामान घेऊन चढताहेत. पोरं पुढे धावताहेत, अनवाणी. पाकीट तिथेच पडलंय, मातीत.

आनंद कालपासून उठला नाही. उठवायला हवं. आई घरी एकटी — हे मला कळतंय. सगळं कळतंय. नुसतं उठून त्याच्या खांद्याला हात लावायचा, पण