चौथी पायरी

प्रिय दादा,

फोन हातात घेते आणि पुन्हा ठेवून देते, म्हणून लिहितेय. अक्षर वाकडं आलंय, चालवून घे.

बाबांचा ताप उतरलाय, पण ताटाला हात लावत नाहीत. डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय सोडून दिलाय. आतड्याची गाठ यकृतापर्यंत पोचलीय. मी उशी सरळ करते, पाणी देते, पुन्हा उशी सरळ करते. दुसरं माझ्या हातात काहीच नाही रे.

घरच्या घरी करायच्या तपासण्यांची सूचनापत्रकं मी लिहिते, आणि त्यावरून तू मला ‘शौचलेखिका’ म्हणून चिडवतोस. छापण्याआधी आम्ही पत्रक कुणाच्या तरी हातात देतो, त्याच्या हातांचं चित्रण लावतो आणि शेजारी बसून बघतो. मदत करायची नाही, नुसत्या चुका टिपायच्या. आठ महिन्यांपूर्वी शौचातलं रक्त ओळखायच्या तपासणीचं पत्रक तयार होत होतं. एखादा चिकित्सक म्हातारा हवा होता. बाबांसारखा नग दुसरा कुठे मिळणार? स्वतःचा नमुना घेऊन माझ्या ऑफिसात ते अगदी ऐटीत बसले, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली, माझ्या भाषेची यथेच्छ खेचली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. दोन म्हणजे रक्त आहे.

मी हसले, दादा. रोज सकाळी तासभर चालणारा माणूस, त्याला कसलं आलंय रक्त? चौथ्या पायरीला पट्टीवर नमुना मिसळलेल्या द्रावाचे तीनच थेंब टाकायचे असतात. यांनी जास्त टाकले असणार आणि म्हणून दुसरी रेघ आली असणार, असं मी धरूनच चालले. वहीत लिहिलं, ‘चौथी पायरी चुकली.’ पट्टी कचऱ्यात टाकली. पत्रकात ‘तीनच’ हा शब्द ठळक केला आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली.

काल त्या दिवसाचं चित्रण काढून पाहिलं. त्यात फक्त हात दिसतात. बाबांच्या हातून थेंब तीनच पडतात. मी तेव्हा वहीत डोकं खुपसून बसले होते. परवा तू फोनवर त्यांच्यावर ओरडलास, की एवढी साधी तपासणी तुम्हाला धड करता आली नाही. ‘हो, माझंच चुकलं,’ म्हणाले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, पोरीने छान लिहिलं होतं, मीच वेंधळा. त्यांच्यावर ओरडू नकोस, दादा. त्यांनी सगळं बरोबर केलं होतं, आणि हे त्यांना सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

तुझीच,
ढब्बू