गरम पाण्यातला पाचू

प्रिय ताईस धाकटीचा नमस्कार,

त्या सकाळी मी दोरीवर कपडे वाळत घालत होते, तोच हे भरला डबा घेऊन दागिन्यांच्या कारखान्यातून परत आले. मालकांच्या सांगण्यावरून ह्यांनी पाचू गरम पाण्याच्या मशीनमध्ये धुतला होता. तो तडकला आणि "तूच पाडलास" म्हणत मालकांनी ह्यांना हाकललं. तो डाग घेऊनच हे वारले.

माझी काळजी करू नकोस, जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत?

आता त्याच कारखान्यात मी खडे धुते. पुस्तकं वाचून शिकले. माणिक, नीलम टणक असतात. मोती नाजूक, तो ओल्या फडक्यानं नुसता पुसायचा. पाचूच्या पोटात मात्र जन्मतःच चिरा असतात, त्या तेलानं बुजवतात. गरम पाण्यात ते तेल सुटतं आणि खडा तडकतो.

परवा मालकांनी स्वतःच्या लेकीची पाचूची अंगठी दिली. "उद्या मशीनमध्ये टाका."

"मालक, पाचू आणि गरम पाण्यात?"

"तुमच्या नवऱ्याच्या हाताला भोक होतं बाई, मशीनला नाही!" कारागीर खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी मी त्या सगळ्यांना मशीनभोवती बोलावलं, मालकांना पुन्हा विचारलं, आणि ते "टाका" म्हणाल्यावर अंगठी पाण्यात सोडली.

तुझीच,
धाकटी