डब्यातला लाल धागा

प्रिय व्हर्लीनताई,

आईचं घर विकल्यापासून आपण बोलत नाही. तरी इथे बर्मिंगहॅममध्ये मी जमैकाहून येणारे, तुझ्याच कारखान्यातले ॲकीच्या गराचे डबे घेते. फळं तुझ्या हातांनी साफ केलेली, एवढंच पुरतं मला.

आज खारा मासा परतला, डबा उघडला, तर पिवळ्या गराला बियांजवळचा लाल धागा चिकटलेला! आई ओरडायची, आठवतं? "विषारी असतो तो, काढ आधी! घरादाराला मारायला निघालीस का गं?" तेव्हापासून तुझ्या हातून एकही धागा सुटला नाही.

डबा फेकून दिला. मासा कढईत तसाच आहे.

हा डबा भरला त्या दिवशी तू नुसती रजेवर असशील ना? हे पत्र पेटीत टाकवत नाही. उत्तर दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात आलं तर?

तुझीच भांडकुदळ,
डॉर्नेट