तळेगावची खोली मी घेतली

अहो,

तुम्ही असताना तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. आपलं रोहणा गाव सोडून मी राहिले तरी कुठे? आज लिहिते आहे, कारण जे करून बसले ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू? तळेगावची ती बस थांब्याजवळची खोली मी घेतली. आपलं बांगड्यांचं दुकान आज उघडलं.

रागावलात? की हसलात?

सायकलला बांगड्यांची पेटी बांधून तुम्ही गावोगाव हिंडायचात आणि घरी आलात की एकच बोलणं, तळेगावात पक्कं दुकान! मी म्हणायचे, मग घ्या ना. तर तुम्ही म्हणायचात, "दुष्काळ सरू दे." दुष्काळ सरला. मग, "लता चालाले लागू दे." आपली लेक धावायला लागली. मग, "टीनपत्र नोको, स्लॅबची खोली भेटू दे." किती हो वाट पाहिलीत! शेवटच्या काविळीत डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, तरी म्हणालात, "या दिवाळीले नक्की घेऊ." दिवाळी आली. तुम्ही नव्हता.

परवा खोलीवाल्या काकांचा निरोप आला, "दुसरं गिऱ्हाईक लागलं हाये. घ्याची असन तं उद्याच या." मला धडकीच भरली. विधवा बाई बांगड्या विकणार? माझ्या हातात काच नाही, कपाळावर कुंकू नाही. कोणती सवाष्ण माझ्यापुढे हात करील?

तुमच्या आईंनी तर पुढचं ताटच सरकवलं. "लोकं तोंडावर थुकतीन. थांब जराशी. सालभर तं जाऊ दे."

थांब! लग्न झाल्यापासून हाच शब्द ऐकत आले होते. लोकांची भीती होतीच, पण त्या शब्दाची जास्त वाटली. दुसऱ्या दिवशी लताला कडेवर घेतलं, आर्वीची गाडी पकडली आणि तिथून तळेगाव गाठून खोली ताब्यात घेतली.

आज बाजाराचा दिवस. बायका यायच्या, हिरव्या बांगड्यांवरून नजर फिरवायच्या, मग माझ्या मनगटांकडे पाहायच्या आणि पुढे जायच्या. एका नव्या नवरीने हात पुढे केला होता, तिच्या सासूने तो मागे ओढला. "चाल वं! अपशकुन कायले पायजे?" वाटलं, पेटी बंद करावी आणि मिळेल त्या गाडीने परत जावं.

"आई, तू काऊन रडून राह्यली?" लताने विचारलं. मी रडते आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

दुपारच्या गाडीतून तुमच्या आई उतरल्या. वाटलं, आता भर बाजारात ओरडतील, लताला ओढून नेतील! त्या आल्या, पाटावर बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थबकल्या. आईंनी हात पुढे केला.

"मले भर."

"आई, पण मामंजी..." त्यांचं सौभाग्य आणि माझे हात!

"ठाऊक हाये मले. भर म्हणते ना."

मी त्यांचा हात धरून बांगड्या चढवायला घेतल्या. दुसरी की तिसरी बांगडी माझ्या बोटांत फुटली. त्यांनी डोळे घट्ट मिटले. मग हळूच म्हणाल्या, "दुसरी घे."

दोन्ही हात भरून झाले तशी एक शेतकरीण जवळ आली. आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माह्या हाताचं माप हाये का वं?" असं विचारत पाटावर टेकली. बस्, आज तेवढंच गिऱ्हाईक.

गाडीत चढताना आई म्हणाल्या, "तो थांबत थांबत गेला, बाई. तू नोको थांबू." मग पदरात तोंड घातलं.

आता दिवे लागले आहेत आणि मी घाबरले आहे. मामंजींना नुसता खोकला झाला तरी लोक काय म्हणतील? त्याहून, मी काय म्हणेन? तुम्हीही असेच घाबरत होतात का? मला सांगितलं का नाहीत?

वचन देते. भीती जाईल तेव्हा जाईल. उद्या सकाळी दुकानाच्या फळ्या मी काढीनच.

तुमची,
सुशीला