अण्णांच्या वळूला दावं

॥ श्री ॥
उमापूर, ता. १२ जुलै २०२५

चि. आश्रुबास छबुअक्काचे आशीर्वाद वि. वि.

इकडे क्षेम नाही, म्हणून तसं लिहीत नाही. दोनदा तू फोन आपटलास आणि तिसऱ्यांदा उचललाच नाहीस. कागद काही आपटता येत नाही, म्हणून तुझी सातवी पास बहीण कागदावर आली आहे. फळवाला चाँदभाई तलवाड्याच्या बाजाराला टेम्पो घेऊन येतो, त्याच्या हाती पत्र देते. त्याला चहा पाज, त्याच्यावर ओरडू नको.

माझी तांबू गाभडली. सातवा महिना होता. वासरू मेलेलंच पडलं, वासरामागचा जार आत अडकला. दवाखान्यातल्या शाईस्ता डॉक्टरीणबाई आल्या. कोपरापर्यंत हातमोजे घालून त्यांनी सगळं केलं, वासरू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायला लावलं आणि कुणाला उघड्या हातानं शिवू दिलं नाही. गाईचं रक्त तपासायला पाठवलं होतं, त्याचं उत्तर आलं. ब्रुसेला म्हणून रोग आहे. एकीची दुसरीला लागण होते, गाई गाभडतात, आणि जनावराला त्यावर औषध नाही. माणसालाही तो लागतो.

गाय कुठं भरवली, असं बाईंनी विचारलं. मी सांगितलं, इंजेक्शन दिलं नाही, माहेरी नेली होती, माझ्या वडिलांच्या नावानं सोडलेल्या वळूकडे. अण्णांनी मला आंदण दिलेल्या गाईची ही नात. तिच्या पोटी अण्णांच्या वळूचं वासरू यावं, एवढीच हौस होती. बाई म्हणाल्या, मग त्या वळूचं रक्त आधी काढा, तो साऱ्या शिवारात फिरतो. हेच मी फोनवर सांगत होते आणि तू माझ्या तोंडावर फोन आपटलास. आता लेखी सांगते. बाईंना बोलव आणि रक्त काढू दे.

माझ्या भावजयीला, रोहिणीला, आशीर्वाद सांग. खाली लोभ मागायची रीत आहे. माझ्याकडे सध्या राग आहे, तोच पाठवते.

तुझी छबुअक्का

तलवाडा, ता. १६ जुलै

ती. छबुअक्काच्या चरणी आश्रुबाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पावलं. चाँदला चहा पाजला. तुझा राग मिळाला, आता माझा घे.

गाय तुझी गाभडली आणि खापर अण्णांवर फोडतेस? गेल्या साली तुम्ही बाजारातून जर्सी आणलीत, आधी तिचं रक्त काढ की. हा वळू म्हणजे मोकाट जनावर न्हाई. अण्णांच्या तेराव्याला साऱ्या गावासमोर मी विळ्यानं त्याचं दावं तोडलं आणि शब्द दिला, की याच्या मानेला पुन्हा दावं लागणार नाही. तूही तिथंच होतीस, मागं बायकांत. रक्त काढायचं म्हणजे दावं टाकून चार गड्यांनी त्याला धरायचं. अण्णांना धरायचं? गावातली म्हातारी माणसं त्याला अण्णाच म्हणतात. उभ्या पिकात तोंड घातलं तरी कुणी काठी उगारत नाही, खाऊ द्या अण्णाला म्हणतात. जिवंतपणी अण्णांना कुणी एवढा मान दिला नव्हता, तो आत्ता कुठं मिळतोय. तर सख्खी लेक म्हणते त्यांना रोग हाय!

मोहनरावकाकांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते लई चिडले. चुलता म्हणून त्यांनी तुला निरोप दिला आहे, तो मी कागदावर लिहीत नाही.

बाकी इकडे बरं आहे. वळूच्या पुढच्या गुडघ्यावर पाण्याची गाठ आली आहे, कुठं तरी धडकला असेल. रोहिणी भाकरी देते तेवढ्यापुरता तो उभा राहतो, तेव्हा तिनं हळद लावली. आपली कपिलीही उन्हाळ्यात गाभडली, पण ती हौदापाशी घसरली होती, तेव्हा उगाच त्याचं काही करू नको. मी गेवराईला गेलतो, रोहिणीनंच एकटीनं वासरू ओढून काढलं. तिला हल्ली संध्याकाळचा ताप येतो, कंबर धरते, रात्री घामानं भिजते. हवा बदलली की उतरेल.

थोरली आहेस म्हणून पाया पडतो, पटलं म्हणून नव्हे.

तुझा आश्रुबा

उमापूर, ता. २० जुलै

चि. आश्रुबास आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. तुझ्या रागाला त्या हसत होत्या. शेवटाला आले तेव्हा त्यांचं हसू गेलं, आणि त्यांनी तेवढं पुन्हा वाचायला लावलं.

अरे गाढवा, वळूच्या गुडघ्याची गाठ, कपिलीचं गाभडणं आणि बायकोचा ताप, हे सगळं तू स्वतःच्या हातानं एका दमात लिहिलंस आणि तुला काही दिसलं नाही? हातच्या कांकणाला आरसा कशाला लागतो? बाई म्हणाल्या, रक्त बघितल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही. पण जिनं मेलेलं वासरू उघड्या हातानं ओढलं, तिला असा ताप येत असेल तर पहिल्यांदा हाच रोग बघायचा. माणसाला त्यावर गोळ्या आहेत. नेमानं घेतल्या तर बाई बरी होते. अंगावर काढलं तर सांधे धरतात आणि चांगली चालती बाई अंथरुणाला खिळते. रोहिणीला बीडला ने. तिथं तोंड उघडून सांग, की घरची गाय गाभडली आणि हिनं हातानं वासरू काढलं. तू सांगितलंच नाहीस तर त्या डॉक्टरला काय स्वप्न पडणार आहे?

चाँदभाई सांगत होता, तुमच्या गावातल्या अभिमन्यूची कालवडसुद्धा गाभडली आणि तू पारावर बसून पेंडीला नावं ठेवत होतास. घरात कपिलीचं झालेलं असताना! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तू गप्प बसलास, आणि गावातल्या किती बाया तशाच उघड्या हातांनी जार उचलत असतील. मला तर तुझ्याशी नातं सांगायची लाज वाटते.

दूध उकळल्याशिवाय कुणी पिऊ नका. रोहिणीला काही झालं तर मी तुझं तोंड बघणार नाही. माया आटली नाही, म्हणूनच एवढा संताप आहे.

तुझी छबुअक्का

तलवाडा, ता. २६ जुलै

ती. छबुअक्कास नमस्कार वि. वि.

घरातलं पत्र तू परक्या बाईला वाचून दाखवलंस. आता मी जपून लिहीन.

रोहिणीला इथल्याच डॉक्टरकडे नेलं. टायफॉईड म्हणाले, सलाईन लावलं. दोन दिवस बरी होती, काल पुन्हा ताप आला. गाईचं तिथं सांगितलं न्हाई. दवाखान्यात गावची चार माणसं बसलेली, त्यांच्यादेखत कसं सांगू? संध्याकाळपर्यंत अण्णांच्या नावाचा बाजार झाला असता.

वळूचं म्हणशील तर दिला तो शब्द दिला. मोडला तर अण्णांना गती मिळणार नाही, असं मोहनरावकाका म्हणतात. दावं मी लावणार नाही आणि कुणाला लावूही देणार नाही. राखीला ये, पण हा विषय उंबऱ्याबाहेर ठेवून ये. न्हाईतर येऊ नको.

आश्रुबा

उमापूर, ता. ३० जुलै

चि. आश्रुबा,

या वेळचे आशीर्वाद रोहिणीला. तुझे नंतर बघू.

शब्द तू दिलास, खरं आहे. मग मी आठवून बघितलं, की मी काय दिलं होतं. शेवटच्या दुखण्यात अण्णांचं हगणं-मुतणं मी काढलं. तेराव्याला दाव्याला हात लावायला मी पुढं आले, तर मोहनरावकाकांनी दंड धरून मला मागं सारलं. म्हणाले, लेक परघरची, तिचा हात लागला तर सोडलेलं फळत नाही. तू मान खाली घालून उभा राहिलास. घरी येऊन मी खूप रडले. तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते, कारण आज ते माझ्या उपयोगाचं आहे.

त्या दाव्याला माझा हात लागलेला नाही. मी गावासमोर कसलाही शब्द दिलेला नाही, तुम्ही मला देऊच दिला नाहीत. म्हणजे मी मोकळी आहे, आश्रुबा. राखीला मी येणार. डॉक्टरीणबाईंना घेऊन येणार आणि दावंही आणणार. वळूच्या मानेला ते मी टाकणार. पाप लागायचंच असेल तर ते परघरच्या लेकीला लागेल, तुमच्या घराला कशाला लागेल? काकांना विचारून ठेव, त्यांच्या शास्त्रात यावर काही उत्तर आहे का.

आडवा आलास तर त्याच दाव्यानं तुला बांधीन. आणि तोवर रोहिणीला बीडला नेलं नसशील, तर मी नेईन आणि बरी होईपर्यंत माझ्याकडेच ठेवून घेईन.

तुझी, परघरची, छबुअक्का

तलवाडा, ता. ५ ऑगस्ट

ती. छबुअक्काच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

रोहिणीला बीडला नेलं. तुझं पत्र तिनंच मला वाचून दाखवलं, आणि मग म्हणाली, गावासमोर तुमी माझ्याबी बाबतीत शब्द दिलता, मांडवात, त्यो कावून आठवत न्हाई? तसाच उठून गाडी सांगून आलो.

दवाखान्यात अभिमन्यूचा भाऊ बसलेला होता. त्याच्यादेखत सांगितलं, की गाय गाभडली, हिनं हातानं काढलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले, इतके दिवस कुठं होतात म्हणून. रक्त तपासलं. तोच रोग आहे, अक्का. गोळ्या सुरू केल्या, बरी होईल म्हणतात. गावात येऊन पारावर कपिलीचंही सांगितलं. दोघातिघांनी शिव्या घातल्या, त्या घेतल्या.

काकांना तुझा प्रश्न विचारला. शास्त्रात यावर उत्तर न्हाई म्हणाले, आणि मग म्हणाले, छबूला येऊ देऊ नको. मी म्हटलं, तुमी अडवून दाखवा तिला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

माझा राग गेला असं समजू नको. कुणावर करायचा, तेवढं आता ठरत नाही. वळूच्या रक्तात रोग निघाला तर तो मरेपर्यंत मळ्यातल्या छपरात एकटा राहील, कुठल्या गाईजवळ जाणार नाही. चारापाणी मी बघीन. त्यासाठी त्याला बांधावंच लागणार, हे मला कळतं. माझा हात उचलत नाही.

येताना दावं आणू नको. तोडलेलं दावं मी अण्णांच्या फोटोमागं ठेवलं होतं. रोहिणीनं तापात बसून त्याला गाठ मारली आहे. थोडं आखूड झालं, पण मानेला पुरेल. वळू रोज सकाळी भाकरीला दारात येतो. तिला आता त्याच्याजवळ जाऊ देत नाही, भाकरी मी धरीन. दावं तू टाक.

तुझा धाकटा
आश्रुबा