मुळं धुण्याआधी

शहापूर, ९ सप्टेंबर २०२४

ती. प्रेमाताईस,
सा. न. वि. वि.

काल तू फोन मध्येच ठेवलास, म्हणून लिहितो. कॉलेजच्या शेतात प्लॅस्टिकचे उघड्या माथ्याचे कक्ष आहेत. काहींत साधी हवा, काहींत कार्बन डायऑक्साइड वाढवलेली. तुझ्या नातवंडांच्या काळात असेल तशी. त्या हवेत भाताची मुळं कशी वागतात, हे मला बघायचंय. सगळीकडे आपल्या आईनं मरेपर्यंत राखलेलं तांबडं भातच लावलंय. पण मुळं तपासायची तर फुलोऱ्यातच रोपं उपटून धुवावी लागतात. दाणा भरेपर्यंत थांबलं तर मुळं कुजू लागतात. यात आईचा अपमान नाही गो. दाजींना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा जगदीश

धसई, १३ सप्टेंबर

चि. जगदीशास,
अ. उ. आ.

फोन मीच ठेवला. रडू आलं, ते तुला ऐकवायचं नव्हतं. ऑगस्टात ओढा फुटला नि आईच्या भाताचं खाचर खरवडून नेलं. राखलेलं बी मी सगळंच पेरलेलं. तुला सांगायला तोंड नव्हतं. गावात आता सगळे दुकानातलं बी आणतात, कुणाकडं मागू? ते भात आता फक्त तुझ्या प्लॅस्टिकात हाय. हे म्हणतात, पोराच्या शिक्षणाच्या आड येऊ नको. मी नाय येत. पण थोडं ठेवता आलं तर बघ. नाय आलं तरी दिवाळीला ये. वेळेवर जेवत जा, नि ताईला मनातून काढू नको.

तुझी प्रेमाताई

शहापूर, ६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दिवाळीला आलो नाही, कारण पिकत्या भातावरची पाखरं राखत होतो. साध्या हवेचा एक कक्ष मी उपटला नाही. आमच्या मार्गदर्शक बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, एक कक्ष गळला तर तुलना लंगडी पडेल, आणखी एक पावसाळा प्रयोग करावा लागेल, ठरव तू. मी ठरवलं. नोकरीचं आता वर्षभर पुढं गेलं.

बाकीची रोपं उपटली. जादा वायूतली मुळं लांब, दाट, जाळीसारखी. पानांना हवेतून भरपूर मिळालं की रोप जोरात वाढतं, मग त्याला मातीतलं खत-पाणी कमी पडतं. ते शोधत मुळं पसरतात. आईला अग्नी देताना मी थांबलो नव्हतो. ती मुळं धुताना दोनदा नळ बंद करून बाहेर जाऊन बसलो.

पिशवीत भात पाठवतोय. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा जगदीश

धसई, ११ नोव्हेंबर

चि. जगदीशास,
अ. उ. आ.

पिशवी पोचली. ह्यांनी मूठभर भात हातात घेऊन वास घेतला. तुझं वर्ष माझ्यापायी गेलं, ते टोचतंय. निम्मं भात आमी वरच्या खाचरात लावू, तिथं ओढा चढत नाय. निम्मं तुला परत पाठवते. जीव लावतोस तसाच लावत राहा. पुढच्या पावसाळ्यात सगळे कक्ष भर, नि या खेपेला एकही ठेवू नको, सगळं उपट. फक्त त्या दिवशी मला बोलाव. मुळं मी धुवीन.

तुझी ताई